मोटर बंद

हाल्शका व्रोनेत्स्काच्या हस्तलिखितात
शेवटच्या पानावर स्वर नव्हतेच.
पेन्सिलीनं दोन शब्द: मोटर बंद.
खाली कॉफीच्या कपाचं अर्धं वर्तुळ.

मी पानं उलटायला होते, एकोणीस वर्षांची,
वर माळ्यावर, बोटं गारठलेली,
कारण चर्चमधला एकुलता एक हीटर
पाद्रीबाबांच्या पायाशी.
खाली सिलेसियाच्या कोळशाची माणसं
कोट न काढताच बसलेली.
काही वॉर्साहून बसनं आली होती, संगीतासाठी.
बाकीची रोजचीच,
प्रार्थना संपल्यावर उठायचा कंटाळा म्हणून राहिलेली.

मोटरचं बटण मनोऱ्यातल्या खोलीत,
अलॉइझ गावलिकच्या ताब्यात.
एकतीस वर्षं खाणीत, मग इथे:
घंटा, मेणबत्त्या, पायऱ्यांवरचा बर्फ.
आणि त्याही आधी, पोरवयात, मोटर नव्हती तेव्हा
ह्याच ऑर्गनचा भाता तो पायानं दाबायचा,
मिस्सेमागे एक नाणं.
आता जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबतो,
खिशातून किल्ली काढून बघतो,
जणू तेवढ्यासाठीच थांबला.

तालमीत त्यानं विचारलं, नेमकं कधी बंद करायचं?
ती म्हणाली, मी खूण करणार नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा.
मला वाटून काय उपयोग, बाई? मला स्वर कळत नाहीत.
हवा कळते ना?
ह्यावर तो टोपी हातात फिरवत राहिला.

सुरुवात इतक्या खाली, खर्जाच्याही तळघरात,
की कानांआधी बाकांना कळली.
मग सेवेरिननं कोपरापासून अख्खा हात
पट्ट्यांवर टेकवला,
कणीक मळून दमलेली बाई ओट्यावर टेकवते तसा.
वॉर्साचा एक गृहस्थ मान डोलावू लागला.
ओतिलियाबाईंनी छातीवर क्रूस काढला.
मी पान उलटलं. पुन्हा उलटलं.
मग ते, शेवटचं.

शिशाचे सात तुकडे, गळाला लावतात तसले,
सेवेरिननं सात पट्ट्यांवर ठेवले
आणि हात मांडीवर घेतले.
सात स्वर आपले आपणच वाजत होते.
एक मिनिट. दोन.
सेवेरिन माझ्याकडे बघू लागला,
मी मनोऱ्याच्या दाराकडे.
खाली हाल्शकानं एक हातमोजा काढला,
दुसरा तसाच राहू दिला.

बटण केव्हा बंद झालं, कुणालाच समजलं नाही.
भाता भरलेला होता, त्यामुळे आधी काहीच झालं नाही.
मग सूर उतरू लागला. बेसूर नव्हे, उतरू लागला,
खाणीतली लिफ्ट पहाटपाळीला माणसं घेऊन उतरते तसा,
कुणी कुणाशी न बोलता.
मोठ्या नळ्यांनी आधी दम टाकला.
मधल्या कण्हत राहिल्या.
सगळ्यात बारकी शिट्टी घालत होती,
मग अर्धीच शिट्टी, मग नुसता वारा.
लाकूड कुरकुरलं.
आणि मग आम्हाला दोघांनाच, वर,
दारामागून ऐकू आलं:
आत एक, बाहेर एक,
मध्ये खरखर,
आत एक.

टाळ्या कुणी वाजवायच्या, ठरेना.

तो बाहेर आला. फार थांबलो का?
हाल्शका जिना चढून आली होती, तिलाही धाप लागलेली.
ती नाही म्हणाली का हो म्हणाली, मला आठवत नाही.
तो म्हणाला, उद्या सातची मिस्सा आहे.
तेवढं शिसं काढून ठेवा,
नाहीतर मी मोटर लावली की गाव जागं होईल.

सेवेरिननं तुकडे गोळा केले. मोजले नाहीत.

ओतिलियाबाई सांगतात,
सकाळी सातला दहा कमी असताना
रिकाम्या चर्चमध्ये एकच स्वर लागला,
मधला, साधा.
अलॉइझ खाली मेणबत्त्या लावत होता.
त्यानं वर बघितलं,
आणि काडी बोटापर्यंत जळाली
तरी तो जिन्याकडे गेला नाही.